हृदयरुग्णाच्या गोळ्या चुकू नयेत म्हणून घरात काय करायचं

हृदयविकाराचा झटका येऊन अँजिओप्लास्टी झालेला (अडलेल्या धमनीत स्टेंट नावाची जाळी बसवलेला) माणूस बहुधा तीन-चार दिवसांत घरी येतो. सोबत डिस्चार्ज कार्ड असतं आणि त्यावर सहा ते दहा औषधं. पहिला महिना सगळं घर त्या गोळ्यांवर नजर ठेवून असतं. मग छातीत दुखणं थांबतं, भेटायला येणारे थांबतात, मुलं आपापल्या कामाला लागतात आणि गोळ्या एकेक करून गळायला लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घकाळच्या आजारांच्या उपचारांचा आढावा घेतला, तेव्हा विकसित देशांतही सरासरी निम्मेच रुग्ण औषधं सांगितल्याप्रमाणे घेतात, असं दिसलं. त्यामुळे तुमच्या घरात गोळ्या चुकत असतील, तर त्याला एकट्या वडिलांचा हट्ट किंवा आईचा विसराळूपणा जबाबदार धरू नका.

गोळी चुकते तेव्हा मागे बहुतेक वेळा एखादं साधं, नेमकं कारण असतं. पाकीट संपलं होतं, एकादशी होती, एस.टी.त लघवीची पंचाईत होईल असं वाटलं, खोकला थांबत नव्हता, किंवा एका नावाच्या दोन गोळ्या दिसल्या म्हणून एक सोडून दिली. रागावल्याने यातलं एकही कारण दूर होत नाही. उलट रुग्ण पुढच्या वेळी ‘घेतली’ एवढंच सांगून मोकळा होतो आणि तुम्हाला काहीच कळत नाही. म्हणून कारण शोधायचं आणि घरातली व्यवस्था बदलायची. डोस कमी-जास्त करणं, औषध बंद करणं हे मात्र डॉक्टरांचंच काम. ते घरी करायचं नाही.

आधी सगळ्या गोळ्या एका जागी

घरात जिथे जिथे गोळ्या असतील, तिथून सगळ्या गोळा करा. देव्हाऱ्याजवळचा डबा, पर्स, उशीखाली, फ्रिजवर, जुनी हॉस्पिटलची पिशवी. वर्तमानपत्र अंथरून त्यावर मांडा आणि सर्वांत ताज्या चिठ्ठीशी एकेक ताडून पाहा. तीन ढीग होतील: चालू, बंद झालेल्या आणि शंकेच्या. बंद झालेल्या त्याच दिवशी घरातून काढा. ‘असू देत, लागतील’ म्हणून ठेवलेली पाकिटंच पुढे घोटाळा करतात. शंकेच्या ढिगाचे फोटो काढून डॉक्टरांना किंवा नेहमीच्या केमिस्टला विचारा.

इथे सर्वांत धोक्याची चूक सापडते: एकच औषध दोन नावांनी पोटात जाणं. डिस्चार्जच्या वेळी ॲस्पिरिन ७५, क्लोपिडोग्रेल ७५ आणि ॲटोरव्हास्टॅटिन ४० अशा तीन वेगळ्या गोळ्या लिहिलेल्या असतात. पुढच्या तपासणीला डॉक्टर तिन्ही औषधं असलेली एकच कॅप्सूल लिहून देतात. घरी जुनी पाकिटं शिल्लक असतात, म्हणून रुग्ण दोन्ही घेतो. दुहेरी ॲस्पिरिन आणि दुहेरी क्लोपिडोग्रेल म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. त्यासाठी पाकिटावरच्या मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेले घटक वाचायची सवय करा. नावापुढच्या अक्षरांकडेही लक्ष द्या. टेल्मिसार्टन ४०, टेल्मिसार्टन ४० एच आणि टेल्मिसार्टन ४० एएम या तीन वेगळ्या गोळ्या आहेत: एचमध्ये लघवी वाढवणारं औषध जास्तीचं असतं, एएममध्ये ॲम्लोडिपिन. दुकानात एक नाही म्हणून दुसरी चालणार नाही.

मग एक यादी करा. घटकाचं नाव, ब्रँडचं नाव, मिलिग्रॅम, कशासाठी, कधी, जेवणाआधी की नंतर आणि कधीपर्यंत. ‘कशासाठी’ हा रकाना घरच्या भाषेत भरा: ‘स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून’, ‘पायावरची सूज उतरावी म्हणून’. गोळी कशाची आहे हे माहीत असलेला माणूस ती सहजी सोडत नाही. चिठ्ठीवरचे १-०-१ हे आकडे सकाळ-दुपार-रात्र या क्रमाने वाचायचे. एचएस म्हणजे रात्री झोपताना, एसओएस म्हणजे त्रास झाला तरच. एक प्रत कपाटाच्या दारावर चिकटवा, एक रुग्णाच्या खिशात ठेवा आणि फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. चिठ्ठी बदलली की तिन्ही ठिकाणची यादी त्याच दिवशी बदला. जुनी यादी भिंतीवर राहणं हे यादी नसण्यापेक्षा वाईट.

कोणती गोळी चुकली तर काय होतं

सगळ्या गोळ्या महत्त्वाच्या असल्या तरी चुकल्याचा परिणाम सारखा नसतो. सांभाळणाऱ्याने हा फरक ओळखला पाहिजे.

स्टेंट बसवल्यावर रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या असतात: ॲस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेल. नवीन स्टेंटच्या जाळीवर शरीराचं अस्तर चढायला वेळ लागतो. तोवर ही जोडी थांबली तर स्टेंटमध्ये अचानक गुठळी होऊन पुन्हा मोठा झटका येऊ शकतो, आणि तो जीवघेणा ठरू शकतो. झटक्यानंतर ही जोडी साधारणपणे १२ महिने चालते, काहींना कमी, काहींना जास्त. नेमकी मुदत तुमच्या डॉक्टरांकडून तारखेसह लिहून घ्या. दुसरी गोळी थांबली तरी ॲस्पिरिन बहुधा पुढेही चालू राहते. टिकाग्रेलॉर ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १२ तासांच्या अंतराने घ्यावी लागते, कारण तिचा असर लवकर उतरतो. सकाळची घेतली आणि रात्रीची विसरली असं आठवड्यातून दोनदा झालं, तरी ती रात्र असुरक्षित जाते. रुग्णाला दोन वेळा जमतच नसेल, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगा. त्यांच्याकडे दुसरा पर्याय असू शकतो.

दाढ काढायची आहे, मोतीबिंदू करायचा आहे, म्हणून शेजारचं कुणी तरी ‘रक्त पातळ करायच्या गोळ्या पाच दिवस बंद ठेवा’ असं सांगतं. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही दिवस बंद ठेवायची नाही. दाताच्या किंवा डोळ्याच्या डॉक्टरांना स्टेंटची तारीख सांगा आणि दोन्ही डॉक्टरांचं आपसात बोलणं घडवून आणा.

मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्व्हेडिलॉल या नाडी आणि रक्तदाब ताब्यात ठेवणाऱ्या गोळ्या. या एकदम थांबवल्या तर हृदयाची गती उसळते आणि छातीतलं दुखणं उलटून येतं. थांबवायच्या असतील तर डॉक्टर त्या टप्प्याटप्प्याने कमी करतात. पाकीट संपून चार दिवस गेले, हा प्रकार या गोळ्यांच्या बाबतीत फार महाग पडतो. शिवाय मेटोप्रोलॉल दोन प्रकारची मिळते: सक्सिनेट, जी सावकाश सुटते आणि बहुधा दिवसातून एकदा घेतात, आणि टार्ट्रेट, जी दोनदा लागते. केमिस्टने ब्रँड बदलून दिला तर हा शब्द जुळतो का ते पाहा.

ॲटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉलच्या गोळ्या दिवसात कधीही चालतात. रात्री विसरत असतील तर वेळ सकाळी हलवता येईल का ते विचारा. बहुतेकदा ‘हो’ असंच उत्तर येतं. इथे वेगळाच घोटाळा होतो. रिपोर्टमध्ये कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं की रुग्ण गोळी थांबवतो. ते नॉर्मल आलेलं असतं गोळीमुळेच. आणि या गोळीचं काम आकडा खाली आणण्यापुरतं नाही. धमनीतला चरबीचा थर फुटू नये म्हणूनही ती असते.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, म्हणजे फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड, हृदय कमजोर झालेल्यांना असतात. सगळ्यांत जास्त सोडल्या जाणाऱ्या गोळ्या बहुधा याच, आणि कारण अगदी साधं असतं: बाहेर जायचंय आणि वाटेत स्वच्छतागृह नाही. बायकांसाठी तर ही अडचण फार खरी आहे. लग्नाला जायच्या, बाजाराच्या, दवाखान्याच्या दिवशी गोळी वगळली जाते आणि दोन दिवसांत पाय सुजतात, दम लागतो. वगळण्याऐवजी वेळ सरकवता येते. सकाळी प्रवास असेल तर घरी पोचल्यावर दुपारी घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून यादीत लिहून ठेवा. दुसरा डोस असेल तर तो दुपारी चारच्या आत घ्यावा, नाहीतर रात्रभर उठावं लागतं आणि अंधारात पडायची भीती. या रुग्णांनी रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाआधी, साधारण सारख्याच कपड्यांत वजन करून कॅलेंडरवर लिहावं. तीन दिवसांत २ किलोहून जास्त वाढलं, तर पाणी साठतंय असं समजून डॉक्टरांना फोन करायचा.

आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेटच्या साध्या गोळ्या दोनदा दिल्या असतील, तर चिठ्ठीवर १-१-० असं दिसतं, म्हणजे सकाळी आठ आणि दुपारी तीन. ही लिहिण्यातली चूक समजून घरचे लोक दुसरी गोळी रात्री देतात. तसं करू नका. या औषधाचा असर टिकण्यासाठी शरीराला रोज काही तास त्याच्याविना मिळावे लागतात, म्हणून दोन डोस जवळ घेऊन रात्र मोकळी ठेवलेली असते.

कृत्रिम झडप बसवलेल्यांना किंवा काही प्रकारच्या अनियमित ठोक्यांसाठी वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम असते. हिचं गणित सर्वांत नाजूक. कमी पडली तर झडपेवर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, तपासून डोस बदलतो, आणि कधी तो एक दिवस २ आणि एक दिवस ३ मिलिग्रॅम असा येतो. असं असेल तेव्हा डोक्यात ठेवू नका. महिनाभराच्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेच्या चौकोनात २ किंवा ३ आधीच लिहून ठेवा आणि गोळी घेतल्यावर त्यावर फुली मारा. वेळ संध्याकाळची ठरवा, म्हणजे सकाळी केलेल्या आयएनआरनुसार त्याच दिवशी डोस बदलता येतो. पालेभाज्या पूर्ण बंद करायची गरज नसते. आठवड्यात जेवढी पालक-मेथी-कोथिंबीर खात होता, तेवढीच नियमित खायची. पंधरा दिवस काहीच नाही आणि मग सलग चार दिवस पालेभाजी, याने आयएनआर हलतो.

आठवड्याची डबी आणि तिच्या मर्यादा

सात दिवसांची, दर दिवसाला तीन किंवा चार खणांची प्लास्टिकची डबी मेडिकलच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. ती आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, यादी समोर ठेवून भरायची. भरताना फोन आणि टीव्ही बंद. एका औषधाचे सातही दिवस भरून झाल्यावर मगच पुढचं औषध उघडायचं. दिवसवार भरत गेलात तर चूक होण्याची शक्यता वाढते. शेवटी प्रत्येक खणातल्या गोळ्या मोजा आणि यादीशी जुळवा.

सगळ्या गोळ्या पाकिटातून सोडवून ठेवता येत नाहीत. डॅबिगाट्रानच्या कॅप्सूल मूळ वेष्टणातच राहिल्या पाहिजेत. निकोरँडिल ओलसर हवेत खराब होते. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात तर इतर गोळ्याही मऊ पडतात. उपाय सोपा आहे: कात्रीने पाकिटाचे एकेका गोळीचे तुकडे करून, फॉइलसकट खणात ठेवा. कापताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला भाग शेवटपर्यंत जपा. केमिस्ट अर्धं पाकीट कापून देतो तेव्हाही तारखेचा तुकडा मागून घ्या. डबी स्वयंपाकाच्या ओट्याजवळ, खिडकीत किंवा गाडीत ठेवू नका, आणि नातवंडांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. या गोळ्या लहान मुलाने गिळल्या तर फार घात होतो.

गोळीचे तुकडे करण्याबद्दल: नावात एक्सएल, एसआर, ईआर किंवा सीआर असेल तर ती चुरून किंवा चावून घ्यायची नाही, दिवसभराचं औषध एकदम रक्तात उतरतं. मधोमध रेघ असलेली मेटोप्रोलॉल सक्सिनेट बहुधा अर्धी करता येते, पण केमिस्टला विचारूनच. आवरण असलेली रोजची ॲस्पिरिनही चुरायची नाही. अर्ध्या गोळ्या लागत असतील तर सुरीने करू नका. गोळी कापायचं छोटं कटर मिळतं, ते घ्या, आणि एका वेळी दोन-तीनच गोळ्या कापा. गिळायला त्रास होत असेल तर गोळी परस्पर चुरण्याऐवजी दुसऱ्या रूपात मिळेल का ते विचारा.

अक्षर न वाचता येणाऱ्या आजींसाठी खणावर उगवता सूर्य, ताट आणि चंद्रकोर काढा. पण गोळीच्या रंगावरून ओळख ठेवायला शिकवू नका. ब्रँड बदलला की रंग बदलतो, आणि मग ‘ही माझी नाही’ म्हणून गोळी बाजूला पडते.

मोबाइलचा अलार्म चालतो, पण थोडेच दिवस. मग हात आपोआप तो बंद करतो. त्यापेक्षा न चुकणाऱ्या रोजच्या कामाला गोळी बांधा: सकाळचा चहा, आंघोळीनंतरची पूजा, संध्याकाळची दिवेलागण, रात्रीच्या बातम्या. डबी त्याच जागी ठेवायची. फक्त ॲसिडिटीची पँटोप्रॅझोल नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, म्हणून ती चहाच्या कपाशेजारी ठेवा.

पाकिटांचा हिशेब आणि खर्च

काही पाकिटांत १० गोळ्या असतात, काहींत १४, काहींत १५. महिन्याला ‘दोन-दोन पाकिटं द्या’ असं सांगितलं की १५ गोळ्यांच्या पाकिटाचा पूर्ण महिना होतो, १४ वालं २८ दिवसांत संपतं आणि १० वालं विसाव्या दिवशीच. म्हणून पाकिटं मागू नका, गोळ्या मागा: रोजची संख्या गुणिले ३०, अधिक ५ दिवसांच्या जास्तीच्या. रोज दोनदा असेल तर ६०, अधिक १०. सात दिवसांचा साठा उरला की नवीन आणायचा, आणि ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहायची. दिवाळीत किंवा गणपतीत गावाकडची दुकानं बंद असू शकतात, तेव्हा साठा आधी भरा.

खर्चामुळे गोळ्या दिवसाआड घेणारे रुग्ण पुष्कळ असतात आणि ते हे कुणालाच सांगत नाहीत. डॉक्टरांना स्वस्त पर्याय विचारण्यात कमीपणा मानू नका. प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी केंद्रांत ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲटोरव्हास्टॅटिन, मेटोप्रोलॉल, टेल्मिसार्टन ही नेहमीची औषधं ब्रँडच्या तुलनेत फार कमी किमतीत मिळतात. जाताना घटकांच्या नावांची यादी न्या. ब्रँडच्या नावाने तिथे शोधता येत नाही. रक्तदाब आणि मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात विचारा. औषधांच्या संख्येचाही भार असतो. तीन-चार औषधं एकत्र असलेल्या गोळीला पॉलीपिल म्हणतात. युरोपात झटका येऊन गेलेल्या रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ती घेणाऱ्यांमध्ये हृदयरोगाने होणारे मृत्यू कमी आढळले. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने अशा गोळ्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतल्या. डोस स्थिरावल्यावर ‘गोळ्या एकत्र करता येतील का’ हे विचारायला हरकत नाही.

उपवास, वारी, प्रवास

‘उपाशीपोटी गोळ्या नकोत’ म्हणून चतुर्थीला रात्री चंद्रोदयापर्यंत सगळ्या सकाळच्या गोळ्या राहतात. महिन्यातून दोन एकादश्या, एक चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र, अशी बेरीज केली तर वर्षात बरेच दिवस होतात. गोळीने उपवास मोडत नाही, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी किंवा गुरुजींनी सांगितलं तर लवकर पटतं. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, दूध किंवा फळ चालतंच. त्यानंतर गोळ्या घ्यायच्या. निर्जळी मात्र हृदय कमजोर असणाऱ्यांनी, लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि मधुमेह्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. रमजानचे रोजे धरणाऱ्यांनी महिनाभर आधीच डॉक्टरांना भेटून सहेरी आणि इफ्तारच्या वेळांवर डोस बसवून घ्यावेत. प्रत्येक रुग्णाला रोजा सुरक्षित असेलच असं नाही.

आषाढीच्या पायी वारीसाठी किंवा लांबच्या प्रवासासाठी गोळ्या दोन पिशव्यांत विभागा: एक अंगावर, एक सामानात. वारी तीन आठवड्यांच्या आसपास चालते. महिन्याभराचा साठा घ्या. पावसापासून वाचवायला झिपची प्लास्टिक पिशवी पुरते.

चुकलीच तर

डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर साधारण नियम असा: दोन डोसांमधल्या अंतराचा निम्मा वेळ उलटायच्या आत आठवण झाली तर लगेच घ्या. निम्म्याहून जास्त वेळ गेला असेल तर ती सोडा आणि पुढची ठरल्या वेळी घ्या. सकाळी आठची एकदा घ्यायची गोळी दुपारी दोनला आठवली तर घ्यायची. रात्री अकराला आठवली तर नाही. भरपाई म्हणून दोन एकदम कधीच नाही. वॉरफरिन किंवा ॲसिट्रॉम त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडा, चुकल्याची तारीख लिहा आणि आयएनआरच्या वेळी सांगा. स्टेंटच्या गोळ्या सलग दोन दिवस राहिल्या असतील, किंवा मेटोप्रोलॉलसारखी गोळी बरेच दिवस थांबली असेल, तर परस्पर सुरू करण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

घेतली की नाही हेच आठवत नसेल तर डबीचा खण पाहा. डबीचा खरा उपयोग इथेच होतो. खण रिकामा असेल तर घेतली असं धरायचं आणि पुन्हा द्यायची नाही.

उलट्या-जुलाब सुरू झाले तर लघवीच्या गोळ्या, रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन आणि डॅपाग्लिफ्लोझिन यांचं काय करायचं ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या मूत्रपिंडाला जड जाऊ शकतात.

न सांगितलेले त्रास

रुग्ण गोळी सोडतो, पण त्रास सांगत नाही. म्हणून तुम्ही नावं घेऊन विचारा. रामिप्रिल किंवा एनालाप्रिलने कोरडा खोकला येतो. ते बदलून टेल्मिसार्टनच्या गटातलं औषध देता येतं. टिकाग्रेलॉरने काहींना दम लागल्यासारखं होतं. स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी, स्नायू दुखू शकतात. रक्तदाबाच्या गोळ्यांनी उठताना घेरी येते. अशा वेळी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसून मग उठायचं आणि बसून व उभं राहून मोजलेला रक्तदाब डॉक्टरांना कळवायचा. पुरुषांना लैंगिक अडचण येते आणि ते कुणाशीच बोलत नाहीत; तपासणीच्या वेळी त्यांना डॉक्टरांशी दोन मिनिटं एकट्याने बोलू द्या. हे दोन कारणांनी आवश्यक आहे. गोळी बदलता येऊ शकते. आणि असे रुग्ण गुपचूप सिल्डेनाफिल घेतात, जी सॉर्बिट्रेटसोबत (छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी) रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली नेते. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास सॉर्बिट्रेट घ्यायची नसते.

झटक्यानंतर मन उदास राहणं, काहीच नको वाटणं हेही गोळ्या सुटण्याचं मोठं कारण आहे. तो आजाराचाच भाग समजून डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत.

काळी, डांबरासारखी शौच, उलटीत किंवा लघवीत रक्त, न थांबणारा नाकातला रक्तस्राव, शुद्ध हरपणं: यात वाट पाहायची नाही, थेट दवाखाना.

गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन परस्पर आणू नका. त्यांनी पाणी साठतं, मूत्रपिंडावर ताण येतो आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत पोटात रक्तस्राव होतो. पॅरासिटामॉल सुरक्षित, तेही विचारून. क्लोपिडोग्रेल चालू असेल तर ॲसिडिटीसाठी ओमेप्रॅझोल किंवा इसोमेप्रॅझोल नको. त्यांनी तिचा असर कमी होतो. कमी सोडियमचं म्हणून विकलं जाणारं मीठ पोटॅशियमचं असतं; रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी ते वापरू नये. अर्जुनाची साल किंवा काढा घ्यायचा असेल तर डॉक्टरांना सांगून, आणि चालू गोळ्यांच्या बदल्यात कधीच नाही.

विचारायचं कसं, मोजायचं कसं

‘गोळ्या घेतल्या ना?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर असतं. त्याऐवजी असं विचारा: ‘बाबा, एवढ्या गोळ्यांत एखादी राहतेच. या आठवड्यात कुठली राहिली?’ चुकलं तरी चालेल असं त्यांना वाटू द्यायचं नाही, पण चुकलेलं सांगितलं तर ओरडा बसणार नाही, एवढी खात्री त्यांना हवी. आणि खरं उत्तर मिळालं की त्या क्षणी उपदेश करू नका. का राहिली ते विचारा.

महिन्यातून एकदा पाकिटातल्या गोळ्या मोजा. समजा, रोज एक याप्रमाणे ३० आणल्या आणि १२ दिवस झाले. शिल्लक १८ हव्यात. २३ निघाल्या तर पाच राहिल्या. कमी निघाल्या तर दुप्पट घेतल्या जात आहेत का ते पाहा. परदेशात किंवा पुण्या-मुंबईत राहणाऱ्या मुलांनी रविवारी व्हिडिओ कॉलवर डबी दाखवायला सांगावी. रिकाम्या राहिलेल्या आणि भरलेल्या खणांवरून कुठल्या वेळची गोळी चुकते ते लगेच दिसतं. बहुधा ती दुपारची किंवा रात्रीची असते.

जबाबदारी एकाच माणसावर ठेवा आणि त्याच्या गैरहजेरीत कोण, हेही ठरवा. ‘सगळेच बघतात’ अशा घरात दोघंही एकच गोळी देतात किंवा कुणीच देत नाही.

सॉर्बिट्रेट कुठे आहे?

हा प्रश्न घरातल्या प्रत्येकाला विचारून बघा. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची ५ मिलिग्रॅमची गोळी डॉक्टरांनी दिली असेल तर ती डबीत नव्हे, मूळ पाकिटात, एक रुग्णाच्या खिशात आणि एक घरात ठरलेल्या जागी हवी. रुग्णाला आधी बसवायचं, उभ्याने द्यायची नाही; घेरी येऊन पडतो. पाच मिनिटांत दुखणं थांबलं नाही तर १०८ ला फोन करायचा. फोन झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं असेल त्याप्रमाणे पाच मिनिटांच्या अंतराने पुन्हा एक, एकूण तीनपेक्षा जास्त नाही. घेरी किंवा घाम येऊन रक्तदाब उतरल्यासारखं वाटलं तर दुसरी देऊ नका. मुदत संपली आहे का ते दर तीन महिन्यांनी पाहा, आणि संपायच्या आधीच नवीन पाकीट आणा.

पुढच्या तपासणीला जाताना यादी, डबी, चालू पाकिटं, वजनाचं कॅलेंडर आणि चुकलेल्या गोळ्यांच्या तारखा सोबत न्या. तारखा लपवू नका. रक्तदाब वाढलेला दिसला आणि गोळ्या नियमित चालू आहेत असं डॉक्टरांनी समजून घेतलं, तर ते आणखी एक गोळी वाढवतील.